आठ घरं, एक बोअर

नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे, पुण्याला वाघोली-लोहगावच्या अंगाला, छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाई परिसरात, तिकडे बदलापूरच्या पट्ट्यात, शहराची कड जिथे शेताला लागते तिथे एका साच्यातली वस्ती दिसू लागते. दहा-बारा गुंठे जागा, मधून काँक्रीटचा अरुंद रस्ता, दोन्ही हातांना भिंतीला भिंत लावून उभी असलेली सहा, आठ, फार तर बारा रो हाऊसेस, तोंडाशी लोखंडी गेट आणि एका कोपऱ्यात बोअर. फ्लॅटला कंटाळलेल्या, पण स्वतंत्र बंगला न परवडणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला ही घरं फार आवडतात, आणि त्यांची आवड समजण्यासारखी आहे. डोक्यावर आपलं छत, पायाखाली आपली जमीन, दारात गाडी, अंगणात तुळस, वर पुढेमागे एक मजला चढवण्याची आशा. 'आठच घरं आहेत, सगळे घरच्यासारखे राहतील' हे वाक्य तर प्रत्येक साइटवर ऐकायला मिळतं. माझं म्हणणं असं, की इथे घेणारा माणूस एका खरेदीखताने दोन गोष्टी विकत घेत असतो. एक घर, आणि दुसरी सात अनोळखी कुटुंबांबरोबरची कायमची भागीदारी. घराची तपासणी तो जिवापाड करतो, टाइल्स ठोकून पाहतो, वास्तू बघतो, बँकेचा वकील सर्च रिपोर्ट काढतो. भागीदारीची तपासणी कुणीच करत नाही. आणि स्कीम जितकी लहान तितकी ही दुसरी तपासणी अधिक गरजेची असते, कारण मोठ्या प्रकल्पात जे काम कायदा थोडंफार करतो ते लहान स्कीममध्ये कायद्याने कुणावरच सोपवलेलं नाही.

हे नुसतं मत नाही. आपल्याकडचे गृहबांधणीचे नियम एकापुढे एक मांडून पाहिले, तर जवळजवळ प्रत्येकाला आकाराचा एक उंबरठा आहे, आणि आठ घरांची स्कीम त्या प्रत्येकाच्या अलीकडे राहते. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 3 घ्या. ज्या प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नाही, किंवा ज्यात आठापेक्षा जास्त घरं नाहीत, त्याला नोंदणीतून सूट आहे. 500 चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. नोंदणी नाही म्हणजे महारेराच्या, राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या स्कीमचं पान नाही, मंजूर नकाशा आणि ताब्याची तारीख तिथे जाहीर केलेली नाही, जाहिरातीत 2023 पासून सक्तीचा झालेला क्यूआर कोड नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून ती फक्त जमीन आणि बांधकामावरच खर्च करायची, ही रेरातली सगळ्यात मोलाची अटही नोंदणीकृत प्रकल्पाच्या चौकटीतली आहे. पुढे चला. 2020 मध्ये राज्यात बहुतेक ठिकाणी लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत 10 टक्के मोकळी जागा सोडण्याची सक्ती सुरू होते ती 0.4 हेक्टरला, म्हणजे साधारण एकराला. दहा गुंठ्यांच्या स्कीमला मुलांच्या खेळण्यासाठी जागा सोडावी लागत नाही. पर्यावरण मंजुरी, आणि तिच्यासोबत येणाऱ्या सांडपाणी प्रक्रियेच्या अटी, 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी आवारातच ओला कचरा जिरवण्याची जबाबदारी टाकली ती 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर. यातला एकेक उंबरठा सुटा पाहिला तर योग्यच आहे. आठ घरांना सांडपाण्याचा प्रकल्प उभारायला लावणं हा जुलूम झाला असता. पण सगळे उंबरठे एकत्र पाहिले की लक्षात येतं, की लहान स्कीमला दिलेली प्रत्येक सूट ही बिल्डरच्या खांद्यावरून उतरून घर घेणाऱ्यांच्या खांद्यावर आलेली जबाबदारी आहे. सांडपाणी तर तयार होतंच. त्यासाठी आठांत एक सेप्टिक टँक असतो, तो भरतो, आणि मैला उपसणारी गाडी कुणी बोलवायची व पैसे कुणी द्यायचे हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

आता कागदांकडेच वळू, कारण सगळा प्रश्न तिथे गुंतलेला आहे. बाहेरून एकसारखी दिसणारी दोन रो हाऊसेस कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या वस्तू असू शकतात. पहिल्या प्रकारात मूळ जमिनीचा लेआउट मंजूर होऊन प्रत्येक घराखालचा भूखंड वेगळा पडलेला असतो, त्याचा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका निघते, आणि खरेदीखताने ती खरेदीदाराच्या नावावर चढते. दुसऱ्या प्रकारात सगळ्या घरांखाली एकच सातबारा असतो, तो मूळ शेतमालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असतो, आणि खरेदीदाराला मिळतं ते बांधकाम आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा. साइटवर दोन्हींना 'स्वतंत्र रो हाऊस'च म्हणतात. दुसऱ्या प्रकारात 'पायाखाली आपली जमीन' हे अर्धंच खरं असतं. ती जमीन सगळ्यांच्या नावावर आणायची तर आधी संस्था लागते, आणि संस्थेच्या नावाने कन्व्हेअन्स लागतं. बिल्डरने ते करून दिलं नाही तर मोफा कायद्यात, म्हणजे राज्याच्या मालकी हक्काच्या फ्लॅटविषयीच्या कायद्यात, 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेअन्सची सोय आहे. पण अर्ज करायला नोंदलेली संस्था, कंपनी किंवा अपार्टमेंटधारकांचा संघ हवा. संस्थाच नसेल तर अर्ज करणार कोण? शिवाय मोफातली फ्लॅटची व्याख्या इमारतीचा भाग असलेल्या स्वतंत्र गाळ्याभोवती बेतलेली आहे. सुट्या भूखंडावरच्या रो हाऊसला ती कितपत लागू पडते यावर समोरचा वकील वाद घालू शकतो, आणि घालतोही.

पहिल्या प्रकारातही सगळं निर्धोक नाही, हे फार कमी जण ध्यानात घेतात. घराखालचा भूखंड वेगळा निघाला तरी मधला रस्ता, बोअर, गेट, दिव्यांचे खांब, पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला यांचं काय? रस्त्याचा तुकडा बहुधा मूळ मालकाच्याच नावावर राहून जातो. बोअरच्या पंपाचा आणि दिव्यांचा महावितरणचा मीटर बिल्डरच्या किंवा त्याच्या फर्मच्या नावावर असतो. रस्ता उखडला की महापालिका म्हणते, हा खासगी रस्ता आहे. बिल्डर म्हणतो, मी ताबा दिला, माझा संबंध संपला. ताबा देताना दोन वर्षांसाठी म्हणून घेतलेली 'वन टाइम मेंटेनन्स'ची रक्कम तोवर संपलेली असते. दरम्यान शेजारच्या शेतातही स्कीम उभी राहते, आणि तिला जायला हाच रस्ता द्यायचा असं मूळ मालक परस्पर ठरवतो. कायद्याने तो त्याचा मालक असतो. आठ घरांच्या गेटमधून चोवीस घरांच्या गाड्या जाऊ लागतात, आणि ज्या शांततेसाठी घर घेतलं ती जाते. यात कुणी बेकायदा काही केलं असेलच असं नाही. खरेदीखतात रस्त्याविषयी लिहिलेलं असतं ते 'येण्या-जाण्याचा हक्क', एवढंच. तो हक्क इतर कुणाला देणार नाही, असं कुठेही लिहिलेलं नसतं.

लहान स्कीमला मेंटेनन्स कमी, हा समज तर हिशेबाला बसताच कोलमडतो. समजा दोन पाळ्यांत रखवालदार ठेवण्याचा खर्च महिन्याला 30,000 रुपये आहे. दोनशे फ्लॅटच्या संकुलात तो घरटी 150 रुपये पडतो, आठ घरांत 3,750. त्यातल्या एकाने पैसे थांबवले तर दोनशेंतल्या बाकीच्यांचा वाटा रुपयाभरानेही वाढत नाही, आठांतल्या उरलेल्या सातांचा मात्र सुमारे 535 रुपयांनी वाढतो. म्हणून लहान स्कीममध्ये पहिला कापला जातो तो रखवालदार, मग दिवे, मग बोअरची देखभाल. खर्च कमी झालेला नसतो, पुढे ढकललेला असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी या पुढे ढकलण्यावरच उपाय सांगितला आहे: बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधीत. घराचा बांधकाम खर्च 20 लाख धरला तर वर्षाला अनुक्रमे 5,000 आणि 15,000 रुपये. आठ घरांचे मिळून वर्षाला 1,60,000. हा पैसा दहा वर्षं नियमाने साठला तर नवी बोअर, रस्त्याचं पुन्हा काँक्रीटीकरण, कंपाउंडची भिंत यांपैकी कशासाठीही कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. संस्था नसली की हा निधी नसतो. प्रत्येक वेळी सातांनी आठव्याच्या दारात जाऊन वर्गणी मागायची, आणि त्याने 'माझं घर गेटाजवळ आहे, आतला रस्ता मी वापरतच नाही' असं उत्तर द्यायचं, हा क्रम मग चुकत नाही.

पाण्याचा हिशेब याहून कडक आहे. शहरी पाणीपुरवठ्याचं मान माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. जलजीवन मिशनने ग्रामीण घरासाठी ठरवलेलं मान 55 लिटर आहे. शहराच्या कडेची रो हाऊसेस राहणीने शहरी असतात आणि पाण्याने अनेकदा ग्रामीण. आठ घरांत चार-चार माणसं धरली तर 135 च्या हिशेबाने दिवसाला 4,320 लिटर लागतात. उन्हाळ्यात बोअर आटली की 10,000 लिटरचा टँकर सव्वादोन दिवसांत संपतो. हद्दवाढ झाली की नळ येईल ही आशा खरी ठरायला किती काळ जातो हे पुण्याच्या कडेच्या गावांनी पाहिलं आहे. 2017 मध्ये लोहगाव, उंड्री, धायरीसह अकरा गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये वाघोलीसह तेवीस. मिळकतकराची बिलं लवकर आली, टँकर मात्र लगेच गेले नाहीत. मोठं संकुल निदान संख्याबळावर नगरसेवकाच्या, अधिकाऱ्याच्या दारात उभं राहू शकतं. आठ घरांचं शिष्टमंडळ होत नाही.

पूर्वी लहान वस्त्यांचं हे असं नव्हतं, आणि का नव्हतं ते समजून घेण्यासारखं आहे. मुंबईत गावदेवीला 1915 मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली, आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माणाची ती सुरुवात मानली जाते. या परंपरेत क्रम असा होता, की आधी सभासद, मग संस्था, मग जमीन, मग घर. घरं उभी राहण्याआधी माणसं एकमेकांना ओळखत होती, वर्गणीचे नियम ठरलेले होते. आज क्रम नेमका उलटा आहे. आधी बिल्डर, मग घर, मग योगायोगाने शेजारी आलेली माणसं, आणि संस्था झालीच तर सगळ्यात शेवटी. दुसरा दाखला सिडको या सरकारी महामंडळाचा. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई, नाशिक आणि तेव्हाच्या औरंगाबादमध्ये बैठ्या, लहान घरांच्या मोठ्या वसाहती केल्या. बेलापूरला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेलं आर्टिस्ट्स व्हिलेज तर लहान समूहाचं आदर्श उदाहरण म्हणून जगभर शिकवलं जातं. सात घरांमध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण, असे तीन समूह मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण, आणि असं करत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची वस्ती. कोरियांनी दोन घरांमध्ये सामायिक भिंत ठेवली नाही. प्रत्येक घर आपल्या भूखंडावर सुटं, म्हणजे कुणी घर वाढवलं तर शेजाऱ्याच्या भिंतीला हात लागू नये. पुढे तिथल्या अनेकांनी घरं वाढवली, काहींनी पाडून नवी बांधली, मूळ आराखड्याचं रूप बरंच पालटलं याची हळहळ वास्तुरचनाकार करतात. पण रहिवाशांना ते करता आलं, आणि सात घरांचं अंगण लहान असूनही पाणी, रस्ता, गटार यांसाठी सातांना एकमेकांकडे पाहावं लागलं नाही, कारण अंगणामागे सिडकोसारखी यंत्रणा उभी होती. लहान समूह सुखाचा होतो तो मोठ्या व्यवस्थेच्या कुशीत असला तर. आजच्या रो हाऊस स्कीमने कोरियांचं सातांचं अंगण घेतलं, त्यामागची व्यवस्था घेतली नाही. वर खर्च वाचवायला भिंतही सामायिक केली.

त्या भिंतीबद्दल एवढं सांगायला हवं, की वर मजला चढवण्याची आशा बहुधा तिच्यावरच अडते. एफएसआय, म्हणजे भूखंडावर मान्य असलेलं बांधकामाचं प्रमाण, शिल्लक आहे की नाही हा पहिला प्रश्न, तो कुणाच्या नावावर शिल्लक आहे हा दुसरा. एकच सातबारा असेल तर उरलेल्या एफएसआयवर बिल्डरने करारात स्वतःचा हक्क राखून ठेवलेला असतो. असा हक्क राखलेला नसला तरी पाया आणि सामायिक भिंत जादा मजल्याचा भार घेतील का, ओल शेजाऱ्याकडे उतरली तर दुरुस्ती कुणी करायची, हे ठरवणारा करार आठांमध्ये झालेला नसतो.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की मोठ्या संकुलांत काय सुख आहे? रेराची नोंदणी असूनही रखडलेले प्रकल्प आहेत, दोनशे घरांच्या सोसायट्यांत कमिट्यांची भांडणं वर्षानुवर्षं निबंधकाकडे पडून आहेत. हे खरं आहे. कायद्याच्या संरक्षणाने घर मिळतंच असा माझा दावा नाही. पण मोठ्या संकुलात भांडायला एक जागा असते, नोंदलेली संस्था, लेखापरीक्षण, थकबाकी वसुलीसाठी निबंधकाचा वसुली दाखला. लहान स्कीममध्ये भांडण नसतं असं नाही, ते सोडवायला जागा नसते. आणि तिथे भांडण लागलं तर ते कमिटीशी नसतं, रोज समोरासमोर येणाऱ्या दोन उंबऱ्यांमध्ये असतं. दुसरा आक्षेप असा, की आठ सुजाण कुटुंबं असतील तर कागदाची गरजच काय, माणुसकीने चालतं. चालतं, पहिली काही वर्षं निश्चित चालतं. मग एक घर विकलं जातं, एक भाड्याने जातं, एकाचा मालक परदेशी मुलाकडे जातो. तोंडी समजूत ही ती करणाऱ्या माणसांबरोबर निघून जाते. नवा मालक बांधील असतो तो खरेदीखताला आणि उपविधींना. तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो: ज्याला शहरात फ्लॅट परवडत नाही तो इथे येतो, त्याला इतक्या शंका दाखवून तुम्ही त्याचं स्वप्न मोडता. उलट आहे. ज्याची सगळी पुंजी एकाच घरात जाते आहे त्याला चूक परवडत नाही. दोन-तीन घरं असलेला माणूस यातून निभावून जाईल. हा जाणार नाही.

आणि करण्यासारखं पुष्कळ आहे, तेही फारसं महाग नाही. 2019 च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्था नोंदण्यासाठी लागणारी किमान सभासदसंख्या दहावरून पाचवर आली. त्यामुळे आठ घरांची स्कीम आज संस्था करू शकते, आणि तिने ती ताबा मिळाल्याबरोबर करावी, पहिलं भांडण व्हायच्या आधी. चारच घरं असतील तर तो मार्ग बंद आहे. तिथे रस्ता, बोअर, सेप्टिक टँक आणि भिंत यांच्याविषयी चौघांनी नोंदणीकृत करार करणं हाच उपाय उरतो. विकत घेण्याआधी विचारायचे प्रश्नही साधे आहेत. मंजूर लेआउटच्या नकाशात मधला रस्ता कुणाच्या नावावर दाखवला आहे, आणि सातबाऱ्यावर कुणाच्या? माझ्या घराचा उतारा वेगळा निघतो का? भोगवटा प्रमाणपत्र आहे का? सामायिक मीटर कुणाच्या नावावर आहे? जुनं घर घेत असाल तर संस्थेचं बँक पासबुक आणि गेल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा. विकणाऱ्याने ते दाखवायला टाळाटाळ केली तर किमतीची घासाघीस थांबवून आधी त्याच्या शेजाऱ्यांशी बोला. बिल्डरकडून फसवणूक झालीच, तर रेराची नोंदणी नसली तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवाच आहे, आणि 50 लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते.

पण हे सगळं एकेकट्या खरेदीदारावर सोपवणं न्यायाचं नाही, आणि त्याची गरजही नाही. रेराच्या ज्या कलम 3 ने आठ घरांना सूट दिली, त्याच कलमात एक परंतुक आहे: राज्य सरकारला आवश्यक वाटलं तर ते 500 चौरस मीटर किंवा आठ घरांची ही मर्यादा कमी करू शकतं. त्यासाठी संसदेत जावं लागत नाही. तेच कलम असंही सांगतं, की आठाची मोजणी सगळे टप्पे धरून करायची. म्हणजे चोवीस घरांचे आठ-आठचे तीन तुकडे करून तिन्ही वेळा सूट घेणं कायद्याला मान्य नाही, फक्त ते तपासायला कुणीतरी हवं. महाराष्ट्राने ही मर्यादा चारावर आणली आणि त्याहून लहान स्कीमच्या खरेदीखताला रस्ता, पाणी, सांडपाणी व सामायिक भिंत यांच्या मालकीचं आणि खर्चाच्या वाट्याचं जोडपत्र सक्तीचं केलं, तर बिल्डरला चार पानं जास्त लिहावी लागतील. ती पानं न लिहिल्याचा खर्च आज आठ घरं पुढची तीस वर्षं भरत राहतात.